गोमधील इंटरफेस आणि अर्धवट वाचलेले मूल्य
कॉन्फिगरेशन चालू सेवेतच बदलले, की आमचा गो भाषेतील प्रोग्राम क्वचित भलत्याच पत्त्यावरची मेमरी वाचायला जाऊन कोसळत असे. गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारी व्यवस्था) असताना हे व्हावे कसे? आमचे कॉन्फिगरेशन इंटरफेसमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारांची मूल्ये धरू शकणाऱ्या चलात होते. गोमध्ये इंटरफेस मूल्यात दोन पॉइंटर (मेमरीतले पत्ते) असतात, एक प्रकाराचा आणि दुसरा डेटाचा. एक गोरुटीन (प्रोग्राममध्ये इतरांसोबत एकाच वेळी चालणारे काम) ते मूल्य बदलत असताना दुसऱ्याने वाचले, तर जुना प्रकार आणि नवा डेटा अशी विजोड जोडी हाती येऊ शकते; मग नवा डेटा जुन्या प्रकाराचा समजून वाचला जातो आणि पत्ता चुकतो. (जावामध्ये निदान रेफरन्स (ऑब्जेक्टकडे नेणारा दुवा) तरी असा अर्धवट वाचला जात नाही.) रेस डिटेक्टर (एकाच वेळच्या अशा असुरक्षित वाचन-लेखनाचा शोध घेणारे गोचे साधन) लावून चाचण्या चालवल्यावर लिहिणारी आणि वाचणारी, अशा दोन्ही ओळी सापडल्या. म्युटेक्सनेही (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलुपाने) भागले असते. पण वाचनच फार असल्याने इंटरफेस एका स्ट्रक्टमध्ये (अनेक मूल्ये एकत्र ठेवणाऱ्या रचनेत) घालून, त्याचा पत्ता गो १.१९ पासून मिळणाऱ्या अ‍ॅटॉमिक पॉइंटरमध्ये (जो अर्धवट न दिसता एका झटक्यात बदलतो) ठेवला. आता प्रत्येक बदलाला नवा स्ट्रक्ट पूर्ण भरूनच तो पॉइंटर बदलला जातो.