फोटोत आभाळ पांढरंफटक येत असेल तर हे करा

मागे लख्ख आभाळ नाहीतर उन्हाची खिडकी असली की एकतर माणूस काळा पडतो नाहीतर मागचं सगळं पांढरं होऊन उडून जातं. सावली नंतर बरीचशी उजळता येते पण पूर्ण उडालेला पांढरा भाग परत येत नाही, म्हणून एक्स्पोजर (फोटो किती उजळ काढायचा ते) लख्ख भागाला धरून ठेवायचं.

१. फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जपणारी फाइल) काढा, जेपेगला (नेहमीची, दाबून लहान केलेली फाइल) नंतरची ओढाताण झेपत नाही.

२. मेनूत हायलाइट अलर्ट चालू करा, मग फोटो बघताना उडालेला भाग लुकलुकतो.

३. लुकलुकलं की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं कॅमेऱ्यातलं सेटिंग) -०.७, मग -१ असं खाली आणत परत काढा. सूर्य किंवा बल्ब लुकलुकला तर खुशाल सोडून द्या, आणि हा इशारा बहुतेक कॅमेऱ्यांत जेपेगवरून ठरतो त्यामुळे रॉ मध्ये थोडी जागा अजून असतेच.

४. घरी फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये शॅडोज ही सावली उजळवणारी पट्टी वाढवा.

उजेड-सावलीतला फरक खूपच असेल तर ट्रायपॉडवर कॉम्पेन्सेशन -२, ० आणि +२ ठेवून तीन फोटो काढून जोडता येतात, पण माणसं किंवा पानं हलत असतील तर नको, भुतासारखं दुहेरी दिसतं.

आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) मात्र कमीच ठेवा, नाहीतर उजळलेल्या सावलीत नुसते दाणे.