दयाळ आणि सील: वर्गीकरण व संवर्धनस्थिती कशी ताडून पाहावी

आधी शास्त्रीय नावं लिहा. राणीच्या बागेत पहाटे शेपटी ताठ उभारून शीळ घालणारा काळापांढरा दयाळ म्हणजे कॉप्सिकस सॉलॅरिस. नुसतं ‘सील’ लिहून भागत नाही. आययूसीएन म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना; तिच्या यादीत प्रत्येक जातीचा दर्जा स्वतंत्रपणे ठरतो. भूमध्य समुद्रातला मंक सील घ्या: मोनॅकस मोनॅकस.

मग वरून खाली उतरा. प्राणिसृष्टी, रज्जुमान संघ, इथवर दोघे एकत्र. वर्गापाशी वाटा फुटतात. दयाळ पक्षी, कुल मस्किकॅपिडी. सील सस्तन, गण मांसाहारी, म्हणजे कुत्र्या-अस्वलांचा नातलग, कुल फोसिडी. मराठीत प्रजाती (जीनस) वर, जाती (स्पीशीज) खाली. पुष्कळांची गल्लत इथेच होते.

शेवटी दर्जा, मूल्यांकनाच्या वर्षासकट. दयाळ ‘कमी चिंतेचा’. मंक सील २०२३ मध्ये ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’वर आला, म्हणजे धोका एक पायरी कमी झाला; त्याआधीचं पुस्तक चाळलंत तर जुनाच शिक्का उतरवून घ्याल.