स्पितीला सायकलवर जायचंय? मग मनालीकडून नको, शिमल्याकडून चढा

हिमाचलमधल्या स्पितीची पूर्ण लूप, म्हणजे शिमला-काझा-मनाली, सायकलवर करायची तर पहिला प्रश्न एकच, मनालीकडून शिरायचं का शिमल्याकडून. अंतर दोन्हीकडून सारखंच, ६२५-६५० किमीच्या आसपास, पण मनालीकडून गेलात तर २००० मीटरवरून दोन-तीन दिवसात थेट साडेचार हजारावरच्या कुंझुम खिंडीत, आणि खिंडीखालच्या बटालच्या ढाब्यात विरळ हवेने डोकं धरून आडवे. शिमल्याकडून निघालं की सतलज तुम्हाला हळूहळू वर नेते, खाबला तिला स्पिती नदी येऊन मिळते, मग सतलज सोडायची आणि स्पिती धरायची ती पार लोसरपर्यंत, कुंझुम ओलांडली की चंद्रा आणि रोहतांगच्या पलीकडे बियास. म्हणजे उंची नदीच्या चालीने वाढते आणि शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो.

आता गैरसमज. नदीकाठचा रस्ता म्हणजे सपाट असेल असं आपल्याला उगाच वाटतं. इथे नदी खाली दरीत घोंगावत असते आणि रस्ता गावासाठी पाचशे मीटर वर चढतो, परत पुलासाठी खाली उतरतो, परत वर. त्यामुळे प्लॅन किलोमीटरवर करूच नका, चढाईवर आणि झोपायच्या उंचीवर करा. आमच्यातले वीकेंडला दीडशे-दोनशे मारणारे लोक पण इथे ४५ किमीला गपगार होतात, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय (आरशात).

सीझन म्हणाल तर सप्टेंबर. स्पिती पर्जन्यछायेत आहे, आपल्या माण-खटावसारखी, म्हणून लोक म्हणतात पावसाळ्यात पण चालतं की, अहो पण तिथे पोचायला किन्नौरमधून जावं लागतं आणि किन्नौरचे डोंगर जुलै-ऑगस्टमध्ये अंगावर येतात, २०२१ च्या ऑगस्टमध्ये निगुलसरीला दरड थेट चालत्या गाड्यांवर आली होती. सप्टेंबरात पाऊस ओसरतो, सफरचंदाचा सीझन असतो, नाल्यांचं पाणी कमी होतं आणि कुंझुम अजून उघडी असते. रात्री मात्र थंडी कडक, डाऊन जॅकेट पाहिजेच.

सराव घरीच होतो. पोलादपूर ते महाबळेश्वर, आंबेनळी घाट, साधारण ४० किमीत १३०० मीटर चढ. सायकलवर पॅनिअर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या बॅगा) लावून, त्यात खरोखरचं १२-१५ किलो सामान भरून हा घाट करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत पन्नास किमी चालवा. दुसरा दिवस महत्त्वाचा, पहिला कोणीही करतं. खाब ते नाको हा टप्पा जवळजवळ तेवढाच चढ आहे, फक्त तिथे तुम्ही महाबळेश्वरला नाही तर ३६०० मीटरवर पोचता.

सायकल कार्बन वगैरे नको, साधी हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाईक) किंवा ४० मिमीच्या वर टायर बसणारी टूरिंग बाईक. मागच्या कॅसेटमधलं (दातेरी चक्रांच्या संचातलं) सर्वात मोठं चक्र निदान ३४-३६ दातांचं आणि पुढे पेडलजवळचं चक्र म्हणजे चेनरिंग लहान, कारण लोडेड सायकल १० टक्के चढावर ताशी ५ च्या स्पीडने जाते, तेवढं हलकं गिअर नसेल तर गुडघे जातात. स्पेअरमध्ये लोक चार ट्यूबा घेतात आणि ब्रेक पॅड विसरतात. मी पण विसरलो होतो. नारकंडा ते रामपूर म्हणजे २७०० वरून १००० मीटरपर्यंत उतार, सैंजच्या आधीच पॅड संपून लोखंड लोखंडाला घासायला लागलं आणि रामपूरपर्यंत सायकल टेम्पोत टाकावी लागली. दोन जोड पॅड, गिअर हँगर (मागचा गिअर ज्यावर बसतो तो तुकडा), चेन लिंक, चार स्पोक, एवढं घेतलंच पाहिजे, कारण तुमच्या मापाचं काही वाटेत मिळेल असं धरूच नका.

सायकल ट्रेनने चंदीगडपर्यंत न्यायची तर स्टेशनवर लवकर जाऊन तिकीट दाखवून 'लगेज' म्हणून बुक करा, 'पार्सल' म्हणून नाही. लगेज तुमच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) जातं, पार्सल कधी कुठल्या गाडीने येईल ते नशीब.

टप्पे साधारण असे. शिमला ते नारकंडा ६० किमीच्या वर, ट्रॅफिक आणि वर-खाली, फारसं काही सांगण्यासारखं नाही. मग रामपूरचा उतार. रामपूरच्या पुढे झाकडी, वांगतू, करछम, सगळा जलविद्युत प्रकल्पांचा पट्टा, नाथपा-झाकडी एकटाच १५०० मेगावॉटचा, म्हणजे ट्रक आणि धूळ, तोंडाला बफ (कापडी पट्टा) बांधा. इथेच तरंडा ढांक आहे, कड्यात कोरलेला रस्ता, डोक्यावर खडक लोंबतोय आणि खाली सतलज. तिथे फोटोसाठी थांबू नका, पुढे निघा. टापरीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी रेकाँग पिओ आणि वर कल्पा. कल्पा २९६० मीटरवर आहे, समोर किन्नर कैलास, इथे एक दिवस गुपचूप आराम करा. घाई असली तरी करा.

कल्पानंतर स्पिलो किंवा पूहला मुक्काम, मग खाब आणि 'का' गावाजवळचे ते लूप्स (नागमोडी चढ), मग नाको. नाकोच्या पुढे मलिंग नाला, सतत दगड पडणारी जागा, सकाळी लवकर पार करायची. पुढे सुमदो, आणि ताबो ३२८० मीटरवर, म्हणजे नाकोपेक्षा खाली झोपायला मिळतं, हे या रूटचं मोठं सुख. ताबोचा मठ इ.स. ९९६ चा आहे, मातीच्या भिंती, आत अंधार, टॉर्चच्या उजेडात हजार वर्षांपूर्वीची चित्रं, तासभर तरी द्या. ताबो-काझा ४७ किमी.

काझात दोन रात्री, मधल्या दिवशी सामान रूमवर टाकून 'की' मठापर्यंत (४१६६ मीटर) चढून यायचं आणि परत खाली झोपायचं. इथेच कॅश काढून ठेवा. डोकं दुखत असेल, जेवण जात नसेल, चालताना झोक जात असेल तर पुढे जायचं नाही, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेतली म्हणून पण नाही, आणि वाढत असेल तर गाडी करून खाली. डायमॉक्स आधी आपल्या डॉक्टरला विचारूनच.

काझा ते लोसर ५७ किमी, लोसर ४००० च्या वर. पुढे कोकसरपर्यंत नेटवर्क मिळेल असं धरू नका, घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई पोलिसात जाते. कुंझुमनंतर बटाल, आणि बटाल ते ग्रांफू या ४५-५० किमीला रस्ता म्हणणं म्हणजे कौतुकच, नुसते गोटे, वेग ताशी ६-७. बर्फ उन्हाने वितळतं आणि दुपारनंतर नाले फुगतात, म्हणून बटालहून उजाडताच निघा आणि मोठे नाले अकराच्या आत उरका. नाल्यात अनवाणी उतरू नका, तळ दिसत नाही, जुने फ्लोटर्स घालून सायकल ढकलत न्या, सायकल स्वतःच्या खालच्या बाजूला, म्हणजे पाण्याने ओढली तर ती तुमच्यावर येणार नाही. छत्रूला मुक्काम.

ग्रांफूला डावीकडे रोहतांग (३९७८ मीटर), उजवीकडे खाली कोकसर आणि तिथून अटल टनेल. पायात दम असेल तर डावीकडे वळा, गाड्या टनेलने जायला लागल्यापासून त्या घाटात पूर्वीची गर्दी नाही, आणि वरून मनालीपर्यंत ५० किमी नुसता उतार. दम नसेल तर कोकसरला पिकअपवाल्याला विचारा, सायकल मागे आणि तुम्ही पुढे. रोहतांगवरून उतरणार असाल तर माथ्यावर आधी दुसरी पॅडची जोडी बसवून घ्या, थंडीत बोटं चालत नाहीत म्हणून चहा आधी प्या.