स्टॉलवर फोटो आणि टी-शर्ट लगेच छापून द्यायचे तर: प्लग, दमट हवा आणि रांग

दादर-पार्ल्याच्या दिवाळी प्रदर्शनात टेबल घेताना भाड्याबरोबर आणखी एक गोष्ट आयोजकांकडून पक्की करून घ्या: टेबलाजवळचा प्लग ६ अँपिअरचा आहे की १६चा? टी-शर्ट आणि कापडी पिशव्यांवर छापायची ३८ बाय ३८ सेंटीमीटरची हीट प्रेस (तापलेल्या प्लेटने दाबणारं यंत्र) साधारण १,८०० वॅट घेते, म्हणजे जवळपास ८ अँपिअर. ती घरगुती एक्स्टेंशनवर लावली की प्लग तापून मऊ पडतो, नाहीतर एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडून शेजारच्या टेबलांचेही दिवे जातात. १६ अँपिअरचा प्लग आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लोहार चाळीत एका फेरीत मिळते. वायर पूर्ण उलगडून टाका. गुंडाळी तशीच ठेवली तर ती आतून तापते. प्लग ६चाच असेल तर प्रेस घरी ठेवा आणि फक्त फोटो छापा.

फोटोसाठी डाय-सब्लिमेशनचा, म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा, छोटा प्रिंटर घ्या. प्रिंट कोरडीच बाहेर येते आणि लगेच पाकिटात घालता येते. कॅननच्या सेल्फी सीपी१५०० वर ४ बाय ६चा फोटो साधारण ४१ सेकंदांत निघतो. तेवढ्यात कागद चार वेळा आत-बाहेर जातो: पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी वरचा पारदर्शक थर. त्यासाठी प्रिंटरच्या मागे कागदाच्या लांबीइतकी मोकळी जागा लागते. तिथे पिशवी सरकली की कागद अडतो. प्रिंटरचं तोंड आपल्याकडे ठेवा, नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्याच फेरीला कागद ओढतं.

ट्रेमध्ये १८ कागद मावतात आणि केपी-१०८आयएन या १०८ कागदांच्या पॅकमधली प्रत्येक कार्ट्रिज (रिबनची डबी) ३६ फोटोंना पुरते. कागद कडेने धरा. चकचकीत बाजूला बोट लागलं की तिथे रंग नीट बसत नाही, आणि मैदानातली धूळ बसली की पांढरे ठिपके येतात. भरलेला ट्रे उघडा ठेवू नका.

गिऱ्हाइकाला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप लहान करून पाठवतं आणि त्यातला एकच चेहरा मोठा करायला गेलं की तो धूसर दिसतो. फोनचा आडवा फोटो ४:३ असतो, कागद ३:२. कागद पूर्ण भरायचा तर वर-खाली मिळून सुमारे ११ टक्के भाग जातो. ग्रुप फोटोत मागच्या रांगेची डोकी नेमकी तिथेच असतात, म्हणून छापण्याआधी स्क्रीनवर दाखवून होकार घ्या. फोटो मागवणं, कापणं, पैसे हे सगळं धरून माणशी दोन मिनिटं जातात. एका प्रिंटरवर तासाला ३०च्या वर कबूल करू नका. गर्दीत वाय-फाय अडखळतं. केबल किंवा मेमरी कार्ड हाताशी असू द्या.

आता कापड. स्टॉलवर डिझाइन छापत बसू नका. डीटीएफच्या फिल्म (डिझाइन आधी फिल्मवर छापायचं आणि मग उष्णतेने दाबून कापडावर उतरवायचं) आधीच छापून घ्या, नावांसाठी सुटी अक्षरं वेगळी छापून कापून ठेवा, आणि स्टॉलवर फक्त दाबा. मुंबईत घात करते ती दमट हवा. फिल्म उघडी राहिली तर ओलावा धरते आणि तेलकट चिकट होते; हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. सुती शर्टातही ओलावा असतोच. म्हणून आधी रिकामा शर्ट ५ सेकंद दाबा. वाफ निघताना दिसते. मग फिल्म ठेवून १५० ते १६० अंशांवर १० ते १५ सेकंद. फिल्म गरम सोलायची की गार झाल्यावर, हे फिल्म देणाऱ्याला विचारून डब्यावरच लिहून ठेवा. यात चूक झाली तर अक्षरं फिल्मबरोबर उचलून येतात. सोलल्यावर वर बटर पेपर ठेवून पुन्हा ५ ते १० सेकंद दाबा. हा दुसरा दाब गर्दीत हमखास राहतो, आणि मग धुतल्यावर कडा सुटतात.

कडा जागेवरच उचलत असतील तर बहुतेक वेळा प्लेट गार पडलेली असते. टेबलफॅनचा झोत प्रेसवर येऊ देऊ नका, आणि लागोपाठ शर्ट दाबताना तापमानाचा आकडा पुन्हा वर चढेपर्यंत थांबा. शिवण, बटण किंवा जाड गळा प्लेटखाली आला तर दाब सगळीकडे सारखा बसत नाही. त्या जागा प्लेटच्या बाहेर लोंबत्या ठेवा. नायलॉनच्या पिशव्या घेऊच नका. कार्टून किंवा क्रिकेट संघांचे लोगो कोणी मागितले तरी नाही म्हणा. ते हक्क आपले नाहीत. प्रेस टेबलाच्या मागच्या बाजूला, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवा.

रात्री आवरताना गिऱ्हाइकांचे फोटो फोनमधून पुसून टाका. फोटो प्रिंटरच्या कार्ट्रिजमधल्या वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटोची उलट्या रंगांतली प्रतिमा शिल्लक असते, चेहरे ओळखू येतील इतकी स्पष्ट. ती कार्ट्रिज तशीच कचऱ्यात टाकू नका. रिबन बाहेर ओढा आणि कात्रीने कापून मग टाका.