रक्ताच्या थेंबात सगळी प्रतिकारशक्ती शोधू नका: या चुका टाळा

एप्रिलमधलं प्रॅक्टिकल. जळगावात पारा ४४ अंशांवर आणि लॅबमधला पंखा गरम हवाच फिरवतोय. लीशमन स्टेन (रक्तपेशी रंगवायचा रंग) रक्ताच्या स्लाइडवर टाकून दोन मिनिटं मोजेपर्यंत त्याच्या कडा वाळलेल्या असतात. मग मायक्रोस्कोपला डोळा लावलेली एखादी मुलगी हरखून विचारते, "सर, हाऊ बेसोफिल शे ना?" तो बेसोफिल, म्हणजे क्वचित दिसणारी दाणेदार पांढरी पेशी, नसतो. साध्या न्यूट्रोफिलवर वाळलेल्या रंगाचे कण बसलेले असतात.

बीएस्सीच्या मुलांना रक्तपेशी आणि जन्मजात प्रतिकारशक्ती (जन्मापासूनच तयार असलेलं संरक्षण) हा भाग शिकवताना दरवर्षी त्याच चुका समोर येतात. स्लाइडवरची चूक अर्ध्या तासात सुधारते. डोक्यात बसलेली चूक मात्र पुढे नोकरीला लागल्यावरही सोबत राहते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी स्लाइडचं उरकून घेऊ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्टेन नेहमीपेक्षा थोडा जास्त घ्या आणि स्लाइडवर पेट्री डिशचं झाकण ठेवा. धुताना रंग ओतून टाकू नका. स्लाइड आडवी ठेवूनच वरून पाणी सोडा, म्हणजे वरची साय तरंगून निघून जाईल. हे पाणी ६.८ पीएचच्या बफरचं (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचं) हवं. बोअरचं जड पाणी वापरलं की सगळं निळसर होतं आणि इओसिनोफिलचे नारिंगी दाणे ओळखू येत नाहीत. पेशी मोजताना रक्ताच्या थराच्या शेपटाकडे, म्हणजे पातळ टोकाकडे, जाऊ नका, मोठ्या पेशी तिकडे ढकलल्या गेलेल्या असतात. तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तिथे नागमोडी फिरत १०० पेशी मोजा.

आता डोक्यातली चूक. न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल, मोनोसाइट, लिम्फोसाइट ही पांढऱ्या पेशींची पाच नावं पाठ झाली की जन्मजात प्रतिकारशक्ती संपली, असं मुलांना वाटतं. भुसावळ जंक्शनच्या फलाटावर उभं राहून प्रवासी मोजले, तर जिल्ह्याची खानेसुमारी होईल का? रक्त हे जंक्शन आहे. माणसं राहतात ती गावात. परिपक्व मास्ट सेल रक्तात फिरताना दिसतच नाही. ती कातडीत, आतड्यात, रक्तवाहिन्यांच्या कडेला ठाण मांडून असते. इनेट लिम्फॉइड पेशी (लिम्फोसाइटच्या जन्मजात प्रतिकारशक्तीतल्या बहिणी) रक्तात फार थोड्या, आतडं आणि फुप्फुसात मात्र घर करून राहिलेल्या. मेंदूतल्या मायक्रोग्लिया आणि यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथेच राहणारे मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी), बोटातून काढलेल्या थेंबात कधीच सापडणार नाहीत. आणि 'मास्ट सेल म्हणजे ऊतीत गेलेला बेसोफिल' हे वाक्य वहीतून खोडून टाका. दोघांकडे हिस्टामाइन (अ‍ॅलर्जीत सुटणारं रसायन) असतं, पण पेशी वेगवेगळ्या आहेत.

दुसरी चूक थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण ती जुन्या पुस्तकांतूनच आली आहे. 'मोनोसाइट ऊतीत शिरला की त्याचा मॅक्रोफेज होतो.' १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक वर्षं हेच शिकवलं गेलं, मीही तेच शिकलो. पण उंदरांवरच्या प्रयोगांतून २०१० च्या सुमारास वेगळंच चित्र उभं राहिलं. मायक्रोग्लियाचे पूर्वज गर्भ अगदी लहान असताना पीतकोशातून (गर्भाला जोडलेल्या पिशवीतून) मेंदूत पोचतात आणि पुढे तिथेच आपली संख्या टिकवतात. कुप्फर पेशींचं मूळही बरंचसं गर्भावस्थेतच असतं. आतड्यात मात्र रक्तातले मोनोसाइट सतत येत राहतात आणि त्यांचे मॅक्रोफेज होत राहतात. म्हणजे काही घरंदाज, काही नवे आलेले. परीक्षेत 'सर्व मॅक्रोफेज' लिहाल तर चूक, 'काही मॅक्रोफेज' लिहाल तर बरोबर.

नावांचा घोळही दरवर्षीचा. लँगरहान्स पेशी इन्शुलिन बनवतात, असं उत्तर हमखास सापडतं. पॉल लँगरहान्सने १८६८ मध्ये कातडीतल्या फांद्याफांद्यांच्या पेशी पाहिल्या आणि त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या, पण त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, लँगरहान्स पेशी. इन्शुलिन बनवणारी स्वादुपिंडातली बेटं त्याने १८६९ मध्ये वर्णिली. माणूस एकच, गोष्टी दोन.

ज्या चुकीची मला खरी काळजी वाटते ती पुढची आहे: 'पांढऱ्या पेशी भरपूर, म्हणजे प्रतिकारशक्ती भक्कम.' सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. माझ्या वर्गात धडगाव, अक्कलकुव्याकडची मुलं असतात आणि काहींच्या घरी हा आजार असतो. प्लीहा, म्हणजे गावाकडची पाणथरी, हे रक्ताचं मोठं गाळणं. तिच्या लाल गरात राहणारे मॅक्रोफेज सुमारे १२० दिवसांचं आयुष्य संपलेल्या तांबड्या पेशी खातात आणि त्यांतलं लोह परत वापरात आणतात. रक्तातले जंतू पकडायलाही पाणथरीत खास पेशी असतात. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी तिथल्या बारीक वाटा तुंबवतात, भाग मरत जातो आणि कित्येक मुलांची पाणथरी लहानपणीच निकामी होते. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी नेहमीएवढ्या किंवा वाढलेल्याही दिसतील. गाळणंच नाही, हे त्या आकड्यात कुठे दिसणार? न्यूमोकोकससारखे (न्यूमोनिया आणणारे) जंतू अशा मुलांत फार वेगाने पसरतात. म्हणून सिकलसेल असलेल्या मुलाला ताप आला की 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. न्यूमोकोकसची लसही चुकवू नका. लॅबमध्ये काम करायला जाणाऱ्या माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे कळकळीने सांगतो.

यावरून आणखी एक लक्षात येईल: मॅक्रोफेजचं काम फक्त जंतू खाण्याचं नाही. फुप्फुसातल्या वायुकोशांचे मॅक्रोफेज तिथला सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा स्निग्ध थर) साफ करत राहतात. ते काम थांबलं की वायुकोश भरून येतात आणि दम लागतो. हाड झिजवणारी ऑस्टिओक्लास्टही याच भावकीतली. पेशी ज्या घरात राहते, त्या घराची कामं ती शिकते.

नंदुरबारचं एक उदाहरण मुलं नेहमी देतात. मिरचीच्या पथारीजवळून (मिरच्या वाळत घालायच्या जागेजवळून) गेलं की ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, तर ही मास्ट सेलची अ‍ॅलर्जी ना? नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन थेट मज्जातंतूंच्या टोकांवरच्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) जाऊन भिडतं, म्हणून पहिल्यांदा आलेला पाहुणाही तितकाच खोकतो. पथारीवर काम करणाऱ्या एखादीला धुळीची किंवा बुरशीची अ‍ॅलर्जी असू शकते, पण ती वेगळी तपासावी लागते. ठसक्याला सरसकट अ‍ॅलर्जीची गोळी घेऊ नका.

शेवटची चूक मेडिकलच्या काउंटरवर दिसते: 'इम्युनिटी वाढवायचं' टॉनिक. कुठली वाढवायची आणि कुठे? आतड्याच्या अस्तराखालचे मॅक्रोफेज आत घुसलेला जंतू खातात, पण गाजावाजा करत नाहीत, सूज आणणारे संदेश सोडत नाहीत. आतड्यात कोट्यवधी जंतू कायम वस्तीला असताना प्रत्येकावर धावून जायचं म्हटलं तर आतडंच सोलून निघेल. हा संयम बिघडतो तेव्हा आतड्याला दीर्घकाळ सूज राहते आणि तिथे डॉक्टरांना प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं द्यावी लागतात.

यंदापासून मी वहीत पेशींच्या नावांचा तक्ता काढायला सांगत नाही. माणसाची आकृती काढायची, प्रत्येक अवयवात कोण राहतं ते लिहायचं आणि रक्ताची रेघ सगळ्यात शेवटी ओढायची.