रोमान्सचा हिरो डोक्यात का जातो? लिहिताना या चुका टाळा

रोमान्स वाचायला मला मनापासून आवडतं आणि म्हणूनच हल्ली मोबाईलवर येणाऱ्या कथामालिका वाचताना एवढा हिरमोड होतो. सुरुवात झकास असते, तिचं घर, तिची नोकरी, तिचा फटकळ स्वभाव सगळं मस्त जमलेलं, आणि मग पाचव्या-सहाव्या भागात तो येतो, करोडपती, खडूस, कपाळावर कायम आठ्या, आणि तिचं मनगट पिरगाळून म्हणतो "तू फक्त माझी आहेस." ती रडते. पुढच्या भागात तिला त्याच्याबद्दल काहीतरी वाटायला लागतं आणि का वाटायला लागलं ते पूर्ण कथेत कुठे सापडत नाही. तिथे मी वाचणं सोडते. हिरो कडक असायला माझी काहीच हरकत नाही, रागीट, अबोल, हट्टी सगळे चालतात, फक्त तिच्या बोलण्याने कथेत काहीतरी हललं पाहिजे.

सगळ्यात मोठी चूक तीच, तिच्या नकाराला किंमत नसणं. ती "सोडा मला" म्हणते आणि लगेच पुढच्या ओळीत आपल्याला सांगितलं जातं की मनातून तिला हे हवंच होतं. मग तो एचआरकडून तिचा पत्ता काढतो, रात्री तिच्या बिल्डिंगखाली गाडी लावून उभा राहतो, तिने नंबर ब्लॉक केला तर दुसऱ्या नंबरवरून फोन करतो, आणि कथेत याला वेडं प्रेम म्हणतात. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही असं मागे लागणं २०१३ पासून आपल्याकडे पाठलागाचा गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. आपल्या वाचकांमध्ये कॉलेजच्या मुली असतात, त्यातल्या कुणाच्या तरी मागे असा माणूस खरोखर लागलेला असतो, तिच्या हातात आपण हे देतोय याचा विचार करा ना.

यावर उपाय काय, तर डार्सी बघा. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही जेन ऑस्टेनची १८१३ची कादंबरी, तिचा हिरो डार्सी गर्विष्ठ, श्रीमंत, माणसांत न मिसळणारा, म्हणजे आजच्या खडूस हिरोचा पणजोबाच. हिरोईन एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो तेव्हा होकार मिळणारच असं धरून चालतो, वर तिच्या घरच्यांची पायरी किती खालची तेही ऐकवतो, आणि ती तोंडावर नाही म्हणते. तो काय करतो? निघून जातो. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात एक पत्र देतो, त्यातही सुरुवातीलाच सांगतो की काल नकोसा झालेला विषय पुन्हा काढणार नाही, आणि चालता होतो. नंतर तिची धाकटी बहीण पळून जाते तेव्हा स्वतःचे पैसे घालून ते प्रकरण निस्तरतो, आणि तेही एलिझाबेथला कळू नये अशा बेताने. दुसऱ्यांदा विचारताना म्हणतो, तुझं मन अजून तेच असेल तर एका शब्दात सांग, मी कायमचा गप्प बसेन. दरारा तसाच आहे त्याचा, पण मधल्या काळात तिच्या एका नकाराने तो आतून हलला, आणि आपण वाचतो ते याचसाठी.

दुसरी गोष्ट पैशाची. तिच्या बाबांचं कर्ज परस्पर फेडणं, तिला न विचारता नोकरी सोडायला लावणं, ड्रेस-दागिन्यांनी कपाट भरणं, हे सगळं लाड म्हणून लिहिलं जातं. शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' ही कादंबरी १८४७ची, त्यात श्रीमंत रॉचेस्टर त्याच्याच घरी शिकवणीला असलेल्या जेनला, लग्न ठरल्यावर, रेशमी कापडाच्या दुकानात नेतो, अर्धा डझन ड्रेस घ्यायचे म्हणतो आणि ती घासाघीस करून ते दोनवर आणते, एक काळं सॅटिन, एक मोतिया-करडं रेशीम. तिला ते देणं बोचतं, काकाला पत्र लिहायचं ती तिथेच ठरवते, स्वतःचे थोडे पैसे असावेत म्हणून. पुढे त्याची बायको जिवंत आहे हे कळल्यावर ती जवळ जेमतेम वीस शिलिंग घेऊन घर सोडते आणि परत येते ती काकाची इस्टेट मिळाल्यावर, चारातले तीन वाटे आतेभावंडांना देऊन स्वतःच्या पाच हजार पाउंडांवर उभी राहून. तुमच्या हिरोईनलाही स्वतःचा पगार आणि स्वतःचं बँक खातं शेवटच्या भागापर्यंत राहू द्या.

बॉस-हिरो लिहिताय तर एक साधं बघा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा आहे, दहा किंवा जास्त लोक काम करत असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते. कथेतल्या कंपनीला चकाचक टॉवर असतो, परदेशातले क्लायंट असतात आणि समिती मात्र नसते. ती आणा की कथेत, त्याला तिचं रिपोर्टिंग दुसऱ्याकडे द्यावं लागू दे, मगच मनातलं बोलू दे, थांबण्यात किती तरी गोडवा आहे.

संशय, मत्सर यावर फार बोलत नाही, सहकाऱ्याने लिफ्ट दिली म्हणून त्याला मारणारा माणूस घरात काय करेल हे सगळ्यांना कळतं. लहानपणीचं दुःख मात्र नीट वापरा. आई सोडून गेली, पहिल्या प्रेमात फसला, यातून तो असा का झाला ते कळतं, पण तिने ते सोसावं याचं कारण त्यातून मिळत नाही, आणि शंभर भाग छळ करून शेवटच्या अर्ध्या पानात "सॉरी" हे अजिबात पटत नाही.

यावर नेहमी ऐकायला मिळतं की वाचकांना हेच हवं असतं. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यातल्या बायकांना हिरोमध्ये हुशारी, हळुवारपणा आणि विनोदबुद्धी हवी होती, बलात्कार आणि हिरोईनचा छळ नको होता. ज्यांना डार्क रोमान्स, म्हणजे छळ-बळजबरी असलेल्या प्रेमकथा, आवडतं त्यांनी जरूर वाचावं, फक्त पहिल्या भागाच्या वर तसं स्पष्ट लिहा, गोड लव्हस्टोरी म्हणून आत बोलवू नका.

आणि वीस भाग आधीच टाकून झाले असतील तरी कथा डिलीट करायची गरज नाही. एकविसाव्या भागात तिला मैत्रिणीकडे राहायला जाऊ दे, त्याचे फोन तिने उचलू नयेत आणि त्याने दारात येऊ नये, चार-पाच भाग तिचं ऑफिस, तिचे मित्र, तिची आई एवढंच चालू दे, त्याची बाजू नकोच. वाचक विचारतील हिरो कुठे गेला म्हणून, विचारू दे.