सेलचा भाव बिलात गायब? या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर कॉलेज रोडने जा नाहीतर मेन रोडने, फलकांवर टक्के एवढे मोठे की दुकानाचं नाव शोधावं लागतं. आषाढात साड्यांचे सेल, पाडव्याला फ्रिज आणि टीव्ही, दिवाळीला सगळंच. आणि प्रत्येक सेलमागे तीच कुरकुर: पाटीवर एक भाव, बिलात दुसरा. दर वेळी यात दुकानदाराची लबाडीच असते असं नाही. पण लबाडी असो की गलथानपणा, खिसा आपलाच हलका होतो. त्याला हातभार लावणाऱ्या आपल्या चुका अशा.

पैसे आधी, वाद नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पैसे भरेपर्यंत बिलातली ओळ बदलणं हे मिनिटाचं काम असतं. एकदा पैसे गेले की रिटर्नची एंट्री, मॅनेजरची परवानगी आणि ‘रोख परत मिळत नाही, क्रेडिट नोट देतो’ (म्हणजे तेवढ्या रकमेची त्याच दुकानात वापरायची पावती) इथून सुरुवात होते. म्हणून प्रत्येक वस्तू स्कॅन होताना पडद्याकडे बघा. मागे रांग खोळंबली तर खोळंबू द्या. सेलच्या दिवशी आपण घाईत असतो हे दुकानालाही पक्कं ठाऊक असतं.

मोठ्या दुकानांत गोंधळ बहुधा असा होतो: रॅकवरची पट्टी एक जण लावतो, संगणकात भाव दुसरा भरतो. ऑफर शनिवारी सकाळी सुरू झाली, पण बारकोडमागे शुक्रवारचाच भाव राहिला. किंवा ऑफर एक किलोच्या पाकिटावर होती आणि आपण अर्धा किलोचं उचललं. कधी सेल संपतो, पट्टी मात्र तशीच लटकत राहते. त्यामुळे सुरुवात आवाज चढवून करू नका. ‘दादा, रॅकवर वेगळा भाव लिहिलाय, जरा बघता का?’ एवढ्यानं बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. काउंटरवरच्या मुलाला भाव बदलण्याचा अधिकार बहुतेकदा नसतोच. त्याच्यावर डाफरण्यापेक्षा फ्लोअर मॅनेजरला बोलवायला सांगा.

फक्त आकड्याचा फोटो काढणं

पेपरातलं पत्रक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. ते निघण्याआधी पूर्ण पानाचा फोटो घ्या: तारीख, शाखा, मुदत आणि तळाची बारीक अक्षरं, सगळं दिसलं पाहिजे. दुकानात रॅकवरची पट्टी आणि वस्तू एकाच फोटोत घ्या. कुणीतरी ढकललेला व्हॉट्सअॅप संदेश पुरावा म्हणून फारसा टिकत नाही. दुकानाच्या स्वतःच्या पानाचा स्क्रीनशॉट टिकतो.

‘पर्यंत’ आणि ‘पासून’ न वाचणं

‘५० टक्क्यांपर्यंत’ म्हणजे एखाद्या कोपऱ्यातल्या मालावर ५०, बाकीवर १०. ‘५० अधिक २०’ म्हणजे ७० नव्हे: हजाराचे पाचशे होतात, त्या पाचशेवर २० टक्के सुटतात, म्हणजे चारशे रुपये द्यायचे आणि सूट ६० टक्क्यांची. टीव्हीच्या जाहिरातीतल्या भावात जुन्या टीव्हीचे पैसे आणि अमुक बँकेच्या कार्डाचा कॅशबॅक आधीच वजा केलेला असू शकतो.

मात्र बारीक अक्षरांनी दुकानाला सगळं माफ होत नाही. ९ जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतली तळटीप मूळ दाव्याला छेद देऊ शकत नाही आणि ती दाव्याच्याच भाषेत हवी. मराठीत मोठा फलक आणि अटी मुंगीएवढ्या इंग्रजीत, हा प्रकार तक्रारीत जरूर नोंदवा.

‘सवलतीनंतर जीएसटी वेगळा’ हेही मुकाट्यानं मान्य करू नका. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. एमआरपीवर सूट जाहीर करून वर व्हॅट (जीएसटीच्या आधीचा विक्रीवरचा कर) लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०१७ मध्येच म्हटलं होतं.

‘कायद्यानं द्यावंच लागेल’ असं ठणकावणं

हे अर्धवट ज्ञान तोंडघशी पाडतं. जाहिरात किंवा पाटी हे करारातलं वचन नसतं, ते सहसा खरेदीचं आमंत्रण मानलं जातं. ४९,९९० चा फ्रिज छपाईच्या चुकीनं ४,९९० झाला, तर तो त्याच भावात मागण्यात अर्थ नाही. पण जो भाव द्यायचाच नाही तो जाहीर करून गिऱ्हाईक ओढणं, किंवा वाजवी संख्येत माल न ठेवता सेल लावणं, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘तो माल सकाळीच संपला, हा बघा, थोडा महाग आहे पण भारी आहे’ हे वाक्य ऐकलं की किती नग होते आणि पुन्हा कधी येणार, हे विचारा. जमलं तर लेखी मागा.

‘बिल नको, अजून कमी करतो’

नाही म्हणा. पक्कं बिल नसेल तर खरेदी सिद्ध करताना नाकीनऊ येतात.

चुकीचं दार ठोठावणं

एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर तो विषय वजन-मापं आणि छापील किमती तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाचा. सेलचा भाव दिला नाही, पण रक्कम एमआरपीच्या आतच आहे, तर तिथे हात हलवत परत याल. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं. तिथे तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची.

वस्तू घेतलीच नाही, नुसतं फसवून बोलावलं, तर भरपाईचा दावा लंगडा पडतो. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. तक्रारीत ‘फसवणूक झाली’ एवढंच लिहून थांबू नका. जाहिरातीतला भाव, बिलातला भाव, फरक किती, कोणाशी कधी बोललात आणि नेमके किती रुपये परत हवेत, एवढं एका पानात बसवा आणि फोटो जोडा.